रुचिताचा हलका हात

नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत म्हातारी माणसं खूप, आणि म्हाताऱ्या माणसांच्या हातात शीर सापडणं कठीण. कातडी सुरकुतलेली, शीर वरून दिसते, पण सुई टेकवली की बाजूला सरकते. त्यात कुणी रक्त पातळ होण्याची गोळी घेणारं असलं, तर जरा चूक झाली की कोपर आठवडाभर काळंनिळं. अशा घरांतून लॅबला फोन यायचा तो ठरलेला. "ती माजिवड्याची रुचिता पाठवा. दुसरं कुणी नको."

रुचिता अडतीस वर्षांची. माहेर कल्याण पूर्वेला. वडील तिथल्या घाऊक भाजीबाजारात तोलाईचं काम करायचे. बारावीनंतर तिने लॅबचा डिप्लोमा केला, संदेशशी लग्न होऊन माजिवड्याला आली आणि सौमित्र सरांच्या लॅबमध्ये लागली, त्याला चौदा वर्षं झाली होती. संदेश एका मॉलमध्ये एसीच्या देखभालीचं काम बघायचा. मुलगी अक्षदा आठवीत. सकाळी सहाला स्कूटीला थंड पेटी अडकवून रुचिता निघायची आणि नऊच्या आत दहा-बारा घरं करून लॅबला पोचायची. शीर शोधताना ती हाताकडे बघायचीच नाही. पेशंटशी नातवंडांच्या गप्पा मारायची आणि डाव्या हाताचं पहिलं बोट कोपराच्या खोबणीत हळूहळू फिरवत राहायची. मग पेशंटच विचारायचा, "झालं पण?"

घंटाळीजवळ राहणाऱ्या प्रमोदिनीबाई तिच्या सगळ्यात जुन्या पेशंट. शाळेतून निवृत्त झालेल्या, हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे दर महिन्याला रक्त तपासायला लागायचं. त्या म्हणायच्या, "अगं, तुझ्या हातात काय आहे ते तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर मला कुठे टोचलं होतं तेच सापडत नाही." रुचिता हसायची आणि कापूस दाबून धरा म्हणायची. पण ते वाक्य ती दिवसभर बरोबर घेऊन फिरायची. घरी तिचं असं कौतुक कुणी करत नव्हतं. तिचीही काही तक्रार नव्हती.

मग दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी ती गोखले रोडच्या मागच्या एका इमारतीखाली स्कूटी लावून बसली आणि तिला हेल्मेट काढता येईना. हात चालत होते, पट्टा सुटत होता, पण काढायचं कशाला तेच सुचेना. वर तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा उपाशीपोटी तिची वाट बघत होते. ती चाळीस मिनिटं तशीच बसली. वॉचमनने दोनदा येऊन विचारलं. शेवटी त्यानेच लॅबला फोन लावला.

त्यानंतरचे तीन महिने ती पलंगावर होती. सगळ्यांना कारण हवं होतं. संदेश विचारायचा, "लॅबमध्ये कुणी काय बोललं का? खरं सांग, मी बघतो एकेकाला." सासू संगमेश्वरहून फोनवर म्हणायची की कुणाची तरी नजर लागलीय. आई म्हणायची, दुसरं मूल झालं नाही म्हणून. रुचिता प्रत्येकाचं ऐकून घ्यायची आणि पडल्या पडल्या विचार करायची, असेल का हे? नसायचं. काहीच झालेलं नव्हतं. नवरा बरा होता, मुलगी गुणी होती, काम आवडीचं होतं. आणि तरी सकाळी जाग आली की तिला पहिली गोष्ट वाटायची ती ही, की आजही जाग आली.

संदेशने तिला पाचपाखाडीतल्या मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. मॅडम चांगल्या होत्या, घाई करायच्या नाहीत. दर वेळी एक कागद पुढे ठेवून प्रश्न विचारायच्या, झोप, भूक, मन लागणं, मरावंसं वाटणं, आणि शेवटी आकड्यांची बेरीज करायच्या. पहिल्या दिवशी बेरीज तेवीस आली. पहिली गोळी लागू पडली नाही, दुसरीही नाही. मग मॅडमनी तिसरी दिली आणि तिच्या जोडीला लिथियम. हळूहळू बेरीज उतरली. पंधरा, अकरा, सहा. "छान," मॅडम म्हणाल्या. "आता आजारातून बाहेर आलात तुम्ही. गोळ्या मात्र चालू ठेवायच्या."

संदेशने येताना पेढे घेतले. रुचिताने एक तोंडात ठेवला. त्याला लोखंडाची चव होती. गेले काही आठवडे सगळ्याच अन्नाला होती. तिने पेढा गिळला आणि म्हणाली, "छान आहे."

मरावंसं वाटत नव्हतं, हे खरं होतं. ती उठत होती, डबे भरत होती, कामावर परत गेली होती. पण सकाळी उठल्यावर दोन तास डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं राहायचं. अंग चौदा किलोंनी वाढलं होतं. एकही जुना ड्रेस होत नव्हता. मॅडमनी सांगून ठेवलं होतं की सुस्ती असेपर्यंत स्कूटी चालवायची नाही, म्हणून ती रिक्षाने फिरायची आणि बाराच्या जागी सहा घरं व्हायची. संदेश जवळ आला की तिला काही वाटायचं नाही, नको असंही नाही. ती नुसती पडून राहायची. एकदा तो मध्येच थांबला, "राहू दे" म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. आतला पंखा आवाज करतो म्हणाला.

आणि तिचा हात थरथरायला लागला.

सुरुवातीला चहाचा कप बशीवर वाजायचा तेवढंच. मग सुई धरलेल्या बोटांपर्यंत आलं. ती कोपर पोटाशी घट्ट धरायची, मनगट पेशंटच्याच हातावर टेकवायची, श्वास रोखायची. गप्पा मारणं बंद झालं. मॅडमना तिने सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते लिथियममुळे. पण त्यानेच तुम्हाला वर काढलंय, रुचिता. आत्ता हलवायला नको."

मार्चमध्ये प्रमोदिनीबाईंना तिने चार वेळा टोचलं. बाई खिडकीकडे बघत राहिल्या. चौथ्यांदा रक्त आलं तेव्हा म्हणाल्या, "उन्हाळा आहे गं, माझ्याच शिरा आटल्यात." त्यांचा मुलगा सुधीर दारात उभा राहून बघत होता.

त्याच महिन्यात कल्याणहून आईचा फोन आला. "रविवारी करिश्माला बघायला येतायत. तू पुढच्या रविवारी ये."

"पुढच्या? का?"

"तसं नाही गं बाई. तू जाड झालीयस, बोलतेस पण थांबून थांबून. त्या लोकांनी विचारलं तर काय सांगू मी? एकदा हिचं जमू दे, मग काय."

करिश्मा तिची धाकटी बहीण, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. रुचिताने तिला कडेवर घेऊन वाढवलेली. "बरं," रुचिता म्हणाली. संध्याकाळी करिश्माने मोबाइलवर सॉरी लिहून पाठवलं, पुढे रडकी तोंडं. त्या रविवारी रुचिताने घरातले सगळे डबे घासले.

लिथियम घेणाऱ्याला रक्तातलं प्रमाण ठरावीक दिवसांनी तपासून घ्यावं लागतं. आधीच्या दोन वेळा रुचिता त्यासाठी मुद्दाम कल्याणला जाऊन आली होती, कारण कुठल्याही लॅबमधल्या माणसाला ते नाव वाचून पेशंट कशाचा ते लगेच कळतं. मे महिन्यात तिच्यात तेवढीही ताकद नव्हती. उन्हाने घाम थांबत नव्हता, दोन दिवस जुलाब होत होते. एका सकाळी सात वाजता, कुणी यायच्या आत, ती लॅबच्या आतल्या खोलीत बसली, दातांनी पट्टा ओढून डाव्या दंडाला बांधला आणि स्वतःचं रक्त स्वतःच काढलं. तीनदा टोचावं लागलं. रक्ताच्या नळीवर, म्हणजे बल्बवर, नाव घातलं सासूचं. शेवंती, वय पासष्ट. फोन नंबर मात्र स्वतःचा दिला, रिपोर्ट आपल्याच मोबाइलवर यावा म्हणून.

अकरा वाजता सौमित्र सर केबिनमधून घाईने बाहेर आले. "संचिता, ही शेवंती कोण आहे? लिथियम एक पॉइंट आठ आलंय. घरच्यांना आत्ता फोन लाव, ताबडतोब हॉस्पिटलला न्यायला सांग."

काउंटरवरच्या संचिताने फोन फिरवला. रुचिताच्या एप्रनच्या खिशात मोबाइल वाजला. तिने खिशातल्या खिशात तो बंद केला. "कट केला सर," संचिता म्हणाली आणि पुन्हा फिरवला. पुन्हा वाजला. दुसऱ्यांदा रुचिताने बंद केला नाही. बाकावर बसलेले दोन पेशंट, संचिता, सर, सगळे त्या खिशाकडे बघत होते.

सरांनी तिला केबिनमध्ये नेलं. "शेवंती कोण तुझी, सासू? ती तर गावाला असते ना?"

"हो सर."

"मग हे रक्त कुणाचं?"

तिने बाही वर केली. सरांनी तीन टोचण्या पाहिल्या आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला. "आधी तुझ्या डॉक्टरांना फोन लाव. माझ्यासमोर."

घाम आणि जुलाबाने अंगातलं पाणी गेलं होतं, त्यामुळे लिथियम साठलं होतं. दोन दिवस तिला सलाईन लावलं. प्रमाण खाली आलं, मॅडमनी लिथियम कमी करून दिलं. आठवड्याने ती कामावर गेली तेव्हा सरांनी पुन्हा बोलावलं. "हे बघ रुचिता, तुला काय आजार आहे त्याच्याशी मला काही नाही. मला शुगर आहे, मी गोळ्या घेतो. पण तू बल्बवर खोटं नाव घातलंस. आपल्या कामात दुसरं आहे काय? कुणाचं नाव आणि कुणाचं रक्त, एवढंच तर आहे." मग म्हणाले, "आणि तुझ्या हाताच्या तीन तक्रारी आल्यात. मी तुला बोललो नव्हतो."

एक सुधीरची होती, हे तिला न विचारता कळलं. सर चुकीचं बोलत नव्हते.

तिला आत बसवलं. रिपोर्ट छापून आले की पाकिटात घालायचे आणि पाकिटं नावांप्रमाणे लावायची. घरोघर जायला एक नवीन मुलगी आली, बावीस वर्षांची, कानात गाणी लावून शिरा शोधायची.

गोळी कमी झाल्यावर थरथर बरीच उतरली होती, पण सुईची वेळ आली की असायचीच. रुचिता पाकिटं लावताना विचार करायची. थोडी कमी केली तर एवढा फरक पडला. नसलीच तर? मॅडमनी बजावलं होतं की मनाने बंद करायची नाही, ते तिला पाठ होतं. तिने जुलैच्या सुरुवातीला बंद केल्या, दोन्ही गोळ्या. रोज गोळ्यांच्या पाकिटातून काढायची आणि कपाटातल्या एका जुन्या पर्समध्ये टाकायची. पाकीट रिकामं दिसायला हवं होतं. ते कुणीतरी बघतं हे तिला माहीत होतं.

दहाव्या दिवशी तिने काठोकाठ भरलेला चहाचा कप स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत नेला. थेंब सांडला नाही. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली, हसत. चवही परत आली. एका दुपारी तिने वालाचं बिरडं केलं आणि कढईतूनच खाल्लं. डोकं मोकळं वाटायचं, सकाळी सहज जाग यायची. संदेश तिच्याकडे बघून म्हणाला, "बघ, म्हणत होतो ना मी? गोळी बरोबर लागू पडली." तो पुन्हा आतल्या खोलीत झोपायला आला. रुचिताला त्याला खरं सांगावंसं वाटलं, पण सांगितलं असतं तर हे सगळं त्याच क्षणी संपलं असतं.

ती सरांसमोर हात लांब करून उभी राहिली. "बघा सर. एकदा पाठवा." सरांनी बराच वेळ हात पाहिला. त्याच आठवड्यात प्रमोदिनीबाईंनीही तिलाच पाठवाल का म्हणून विचारलं होतं, त्यामुळे सरांनी तेवढं एक घर दिलं. रुचिता स्कूटीवरून गेली. बोट खोबणीत फिरलं, सुई गेली, एका टोचणीत बल्ब भरला. बाईंनी मान वळवून पाहिलं. "आलीस का गं परत?" त्यांनी तिच्या गालाला हात लावला. सरांनी मग आणखी चार घरं दिली, मग सात.

तेवढेच दिवस.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी आंघोळीला बसल्यावर तिला पाण्याचा तांब्या उचलवेना. ती ओळखीची गोष्ट होती. हेल्मेटच्या दिवशी तिला काय होतंय ते माहीत नव्हतं, आता माहीत होतं. ती बादलीतल्या पाण्याकडे बघत बसली आणि मनाशी म्हणाली, आज नाही सांगायचं. आणखी एक आठवडा. सांगितलं की गोळ्या, गोळ्या आल्या की हात गेला. ती स्वतःशी दिवसांची घासाघीस करत राहिली. एकेक घर करताना जिना संपत नव्हता. घरी मोदकांचं सारण ढवळताना तिने गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून खाली बसली. अक्षदाने पुढचं सारण केलं, काही न विचारता.

विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी पाचपाखाडीतल्या एका घरात तिने एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला, सुई हातात घेतली आणि बसून राहिली. हात अगदी स्थिर होता. आजोबांची बोटं निळसर व्हायला लागली. "अहो ताई," ते म्हणाले, "अहो ताई, दुखतंय." शेवटी त्यांनी सुनेला हाक मारली, आणि सुनेने पट्टा सोडवला.

त्या दुपारी संदेश तिला लॅबमधून घेऊन आला. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. अक्षदा तिचं आधार कार्ड शोधत होती, हॉस्पिटलला लागेल म्हणून, आणि तिच्या हाताला ती जुनी पर्स लागली. तिने ती पलंगावर उलटी केली. गोळ्यांचा ढीग पडला, गुलाबी आणि पांढऱ्या.

"आई, या कधीपासूनच्या आहेत?"

रुचिताने चादर वर ओढून घेतली.

"मी रोज पाकीट बघायचे. रोज बाबांना सांगायचे, आईने घेतली म्हणून." अक्षदाचा आवाज चढला नाही. तेच रुचिताला सहन झालं नाही.

संदेश दारात उभा होता. तो खाली जमिनीवर बसला आणि डोकं धरून म्हणाला, "आम्ही काय कमी केलं गं? एकदा सांग तरी."

"हातासाठी," रुचिता म्हणाली. पण ते इतक्या हळू होतं की त्याला ऐकू गेलं नाही, आणि परत म्हणण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती.

तीन आठवडे ती दाखल होती. त्याच गोळ्या पुन्हा चालू झाल्या, पण या खेपेला त्यांचा गुण आला तो अर्धाच. बेरीज एकोणिसावरून बारावर आली आणि तिथेच अडली. "वेळ लागेल," मॅडम म्हणाल्या. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. थरथर महिन्याभरात परतली. सरांनी तिला घरी येऊन कामावरून कमी केल्याचं पत्र दिलं, सरळ हातात, पोस्टाने नाही. चहा घेतला, अक्षदाच्या अभ्यासाची चौकशी केली आणि गेले. प्रमोदिनीबाईंचा नोव्हेंबरमध्ये दोनदा फोन आला. रुचिताने तो वाजू दिला. डिसेंबरपासून आला नाही.

करिश्माचं लग्न फेब्रुवारीत कल्याणला झालं. रुचिता गेली, मागच्या रांगेत बसली. आईने सगळ्यांना थायरॉईड सांगितलं होतं. नवऱ्या मुलाची एक मावशी शेजारी येऊन बसली आणि धन्याचं पाणी उपाशीपोटी घ्यायला सांगून गेली. रुचिताने किती दिवस घ्यायचं तेही विचारून घेतलं.

आता ती घरीच असते. संदेश चांगला वागतो. कामावरून फोन करून जेवलीस का विचारतो, आणि तिने हो म्हटलं की ठेवतो. बाहेरच्या खोलीतली त्याची गादी आता गुंडाळून ठेवत नाहीत. गोळ्या अक्षदाच्या दप्तराच्या कप्प्यात असतात. सकाळी शाळेत जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर ती काढून देते, आणि रुचिताने पाणी पिऊन तोंड उघडून दाखवल्याशिवाय हलत नाही. मॅडमनी तसं करायला सांगितलेलं नाही. तिने स्वतःच चालू केलं.

परवा संध्याकाळी अक्षदा विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसली होती. नववीची परीक्षा जवळ आली होती. आईवडिलांकडून मुलांकडे काय काय येतं त्याचा धडा होता. ती पेन्सिलीने ओळींखाली रेघा मारत होती आणि रुचिता समोर बसून वाटाणे सोलत होती. शेंग बोटात धरता येत नव्हती, दाणे इकडेतिकडे उडत होते. अक्षदाने मान वर न करता विचारलं, "आई, हे मला पण होणार का गं?"

रुचिताच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. पण या मुलीला तिने एकदा दोन महिने फसवलं होतं.

"माहीत नाही गं."

अक्षदाने आणखी एक रेघ मारली. "झालं तर कळेल का? म्हणजे चालू होताना?"

"कळेल बहुतेक."

"तुला कळलेलं?"

"पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा कळलेलं."

"आणि तू सांगितलं नाहीस."

रुचिताने पुढची शेंग उचलली. अक्षदाने पुस्तक मिटलं, जमिनीवर सांडलेले दाणे गोळा केले आणि ती कुकर लावायला उठली.